किन्व्याचे स्तोम आणि वरणाची अवहेलना

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या सुशिक्षित घरांच्या फडताळात एका नव्या धान्याने मानाची जागा पटकावली आहे. त्याचे नाव किन्वा. कोणी क्विनोआ असेही लिहितात. मोहरीएवढा, चपटा, फिकट पिवळा असा हा दाणा सुबक पिशवीत बंद होऊन येतो, तांदळाच्या कित्येक पट किंमत मागतो, आणि येताना स्वतःचे प्रशस्तिपत्रही बरोबर घेऊन येतो. सर्व आवश्यक घटकांनी युक्त अशी ‘पूर्ण प्रथिने’ ज्याच्यात आहेत असे हे एकमेव वनस्पतिज अन्न, असा त्या प्रशस्तीचा मथितार्थ असतो.

गोष्ट एवढ्यावरच थांबली असती तर तिच्याविषयी चार ओळीही लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. ज्याला परवडते त्याने हवे ते खावे. कोणाच्या ताटात डोकावणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे. परंतु एकाची स्तुती करताना दुसऱ्याची निंदा आपोआप होत असते, आणि ह्या स्तुतीतून जी निंदा निघते ती आपल्या वरणभाताची आहे. डाळीतील प्रथिने अपुरी, तांदूळ म्हणजे नुसते पीठ, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण खात आलो ते सारे निकस, असा निष्कर्ष शिकलेली मुले त्या पिशवीवरून काढतात. तो निष्कर्ष आजीला ऐकविला जातो, आणि जिने आयुष्यभर डाळ-तांदळावर घर पोसले ती आजी मुकाट्याने ऐकून घेते. आरोग्यविषयक व्याख्यानांतून हेच घोकले जाते, आणि एकादशीच्या फराळातही किन्व्याची खिचडी करावी असा सल्ला हिरिरीने दिला जातो. आजीने मुकाट्याने ऐकावे असे ह्या निष्कर्षात काहीही नाही, कारण तो खोटा आहे. तो कसा खोटा आहे, हे दाखविण्यासाठी हा लेख आहे.

तथापि प्रथम किन्व्याला त्याचे न्याय्य श्रेय दिले पाहिजे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत, पेरू व बोलिव्हिया ह्या देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या परिसरात किमान पाच हजार वर्षांपासून केचुआ आणि आयमारा लोकांचे पूर्वज हे पीक घेत आले. समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरहून अधिक उंचीवर, जेथे रात्री हिम पडते, पाऊस बेताचा, जमीन खारट आणि वारा बोचरा, तेथे भात-गव्हाची कथाच नको. तेथे किन्वा उभा राहतो. दाण्याच्या सालीवर सॅपोनिन नावाचा कडू, साबणासारखा फेसाळणारा पदार्थ असतो. त्यामुळे पाखरे दूर राहतात आणि माणसाला मात्र दाणा घासून, पुष्कळ पाण्यात धुऊन घ्यावा लागतो. कुझको येथे १५३९ साली जन्मलेला इतिहासकार इंका गार्सिलासो ह्याने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ह्या धान्याची नोंद केली आहे, आणि आपण मागविलेले बी स्पेनला पोचेपर्यंत मेलेले होते हेही सांगितले आहे. स्पॅनिश राजवटीत गव्हाला प्रतिष्ठा मिळाली आणि किन्वा ‘इंडियन लोकांचे खाणे’ म्हणून हलका ठरला. आपले अन्न परक्याच्या मापाने हलके ठरविले जाणे म्हणजे काय, ह्याचा अनुभव त्या लोकांनी तीन-चार शतके घेतला आहे. बोलिव्हियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे किन्व्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा एका उपेक्षित जनतेचा तो गौरव होता; आणि तो उचितच होता.

गुणांच्या बाबतीतही किन्वा काही नकली नाणे नाही. १०० ग्रॅम कोरड्या दाण्यात सुमारे १४ ग्रॅम प्रथिने, ६ ग्रॅम स्निग्धांश, ७ ग्रॅम तंतू, साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि जवळजवळ २०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिने ८ ग्रॅमच्या आतबाहेर असतात आणि तंतू नाममात्र. मग भांडण कोठे आहे? भांडण धान्याशी नाही, ‘पूर्ण’ आणि ‘एकमेव’ ह्या दोन विशेषणांशी आहे.

‘एकमेव’ हे विशेषण तर सरळसरळ असत्य आहे. प्रथिने ही ऍमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ आम्ले मनुष्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. ही नऊच्या नऊ आम्ले तांदळात आहेत, गव्हात आहेत, तुरीत आहेत, अळसांद्यात आहेत, पालकाच्या पानातही आहेत. एखादे आम्ल मुळीच नाही असे रोजच्या जेवणातील धान्य किंवा कडधान्य दाखविता येणार नाही. प्रश्न असण्या-नसण्याचा नसून प्रमाणाचा आहे. आणि प्रमाणाच्या कसोटीवरही सोयाबीन किन्व्याच्या खाली उतरत नाही. मग ‘एकमेव’ कोठे उरले?

आता ‘पूर्ण’ ह्या विशेषणाकडे वळू. देवाच्या पूजेसाठी हार ओवावयाचे आहेत, प्रत्येक हारात नऊ प्रकारची फुले ठरलेल्या संख्येने यावयाची आहेत, आणि परडीत आठ प्रकारची फुले भरपूर असून अबोली तेवढी थोडी आहे, अशी कल्पना करा. हार किती होतील? जेवढ्यांना अबोली पुरेल तेवढेच. उरलेली फुले हारापुरती वाया गेली. शरीरातील प्रथिनांच्या बांधणीचा न्याय असाच आहे. तांदूळ, गहू, ज्वारी ह्या तृणधान्यांत ज्या अबोलीचा तुटवडा असतो तिचे नाव लायसिन. अमेरिकेतील ऑस्बोर्न व मेंडेल ह्या शास्त्रज्ञांनी १९१४ साली उंदरांवर प्रयोग करून ही गोष्ट स्पष्ट केली. गव्हातील ग्लायडिन ह्या एकाच प्रथिनावर ठेवलेले उंदीर जगले, पण वाढले नाहीत. त्याच आहारात लायसिन मिसळताच त्यांची वाढ सुरू झाली.

जागतिक अन्न व शेती संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तीन वर्षांवरील मुले व प्रौढ ह्यांच्यासाठी मापदंड दिला आहे, तो असा की, दर ग्रॅम प्रथिनामागे ४८ मिलिग्रॅम लायसिन असावे. गव्हात ते २७ च्या आसपास असते, तांदळात सुमारे ३७, आणि किन्व्यात सुमारे ५४. किन्व्याला ‘पूर्ण’ म्हणतात ते ह्या अर्थाने. हे खरे आहे, आणि ते कोणी नाकारू नये. मात्र त्याच अहवालात सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी मापदंड ५७ चा आहे. म्हणजे वरील सरासरी आकडा धरला तर ज्याला ‘पूर्ण’ म्हणून डोक्यावर घेतले ते धान्यही तान्ह्यांपुरते किंचित अपूर्णच ठरते! पूर्णत्व हा दाण्याचा अंगभूत गुण नसून खाणाऱ्याच्या गरजेशी असलेले नाते आहे, एवढे तरी ह्यावरून ध्यानात यावे.

परंतु मूळ मुद्दा ह्याहून मोठा आहे. तृणधान्यात लायसिन कमी, हे सांगणारे लोक तुरीच्या डाळीत ते दर ग्रॅम प्रथिनामागे सुमारे ७० मिलिग्रॅम असते हे सांगावयाचे विसरतात. डाळीत उणीव असते ती मेथिओनिन व सिस्टीन ह्या गंधकयुक्त आम्लांची, आणि ती तांदळात पुरेशी असतात. एकाच्या परडीत अबोली नाही, दुसऱ्याच्या परडीत शेवंती नाही. दोघांनी मिळून हार ओवले तर अडते कोठे? आणि आपण तांदूळ एका जन्मात व डाळ दुसऱ्या जन्मात खातो काय?

प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. ७५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम तुरीची डाळ घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार तांदळात शेकडा सुमारे ८ आणि तूरडाळीत शेकडा सुमारे २१.७ प्रथिने धरली, तर तांदळातून जवळजवळ ६ ग्रॅम व डाळीतून साडेपाच ग्रॅमच्या आसपास, अशी सव्वाअकरा ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. लायसिन तांदळातून सुमारे २२० मिलिग्रॅम, डाळीतून सुमारे ३८०. एकूण ६०० मिलिग्रॅम. दर ग्रॅम प्रथिनामागे हे प्रमाण ५२ च्या घरात येते. मापदंड ४८ चा, किन्वा ५४ चा, आणि आपला वरणभात ५२ चा! गंधकयुक्त आम्लेही मापदंडापेक्षा अधिकच भरतात. जे ‘पूर्ण प्रथिन’ अँडीजच्या शिखरावरून आणावे लागते असे आपणास सांगण्यात येते, ते तीन भाग तांदूळ व एक भाग डाळ ह्यांच्या संगतीने आपल्या चुलीवर रोज शिजते. दोन्हीकडे पचनीयतेची वजावट करावी लागते. ती धरूनही ‘वरणभात निकस आणि किन्वा पूर्ण’ हे विधान उभे राहत नाही. हा मिलाफ एकाच घासात झाला पाहिजे असेही नाही. दिवसभराच्या आहारात झाला तरी शरीर आपला हिशेब जुळवून घेते.

ह्यावर कोणी म्हणेल की, १०० ग्रॅम किन्व्यात १४ ग्रॅम प्रथिने आणि तुमच्या मिश्रणात साडेअकराच. कबूल. डाळीचा भाग थोडा वाढवा; दोनास एक केला तर हा आकडा साडेबाराच्या घरात जातो. आणि ज्याला प्रथिनेच विकत घ्यावयाची आहेत त्याने किलोमागचा हिशेब करावा. किलोभर तूरडाळीत सुमारे २१७ ग्रॅम प्रथिने असतात, किलोभर मूगडाळीत त्याहून थोडी अधिक, आणि किलोभर किन्व्यात सुमारे १४०. किन्वा डाळीहून महाग. कमी माल अधिक दामाने घेण्याला आपल्याकडे जे म्हणतात तेच येथेही म्हणावे लागेल.

आता पूर्वपक्षाचे मोठे अस्त्र पाहू. ‘अमेरिकेच्या नासा ह्या अवकाशसंस्थेने किन्व्याची शिफारस केली आहे, हे तरी तुम्ही मानाल की नाही?’ मानतो. १९९३ साली त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तसा एक तांत्रिक निबंध प्रसिद्ध केला होता. पण तो निबंध कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत होता? दीर्घकाळच्या अवकाशप्रवासात, बंदिस्त यानात, हवा व पाणी शुद्ध करीत करीत अन्नही पिकवावयाचे झाल्यास कोणती पिके लावावीत, हा तो प्रश्न होता. जेथे जागा हातभर, पिके मोजकी, आणि वाण्याचे दुकान लाखो मैल दूर, तेथे एकाच दाण्यात सर्व काही सामावलेले असणे हा गुण अमोल खराच. परंतु फोंड्याच्या, बेळगावच्या किंवा इंदूरच्या गृहिणीला तूरडाळ मिळण्यात अशी कोणती अडचण आहे? अवकाशयात्रीची विवंचना आपली मानून तिच्यावर पैसे खर्च करणे हा विज्ञाननिष्ठेचा प्रकार नसून विज्ञानाच्या नावाने चालणारी भाबडी भक्ती आहे. किन्व्याचा हा गुण शिखरावर शोभतो आणि यानात शोभतो. कारण दोन्हीकडे एकट्यानेच भार वाहावयाचा असतो. आपल्या ताटात तो एकटा नाही. आपले अन्न सहवासाचे आहे.

प्रथिनांच्या नावाने घाबरवून माल खपविण्याचा खेळ काही आजचा नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर जगभर अशीच हाकाटी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ साली प्रथिनांविषयी खास सल्लागार गट नेमला; १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ‘येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा’विषयी अहवाल प्रसिद्ध केला. माशांची भुकटी, तेलबियांची पिठे, पावात मिसळावयाचे लायसिन, अशा उपायांवर अपार बुद्धी व द्रव्य खर्ची पडले. गरीब देशांच्या जेवणात प्रथिनांचा दर्जाच हीन, हे त्यामागील गृहीत होते.

त्या गृहीताला ज्यांनी आकड्यांनी आव्हान दिले त्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे रोम येथे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. १९७० च्या सुमारास त्यांनी भारतातील आहारपाहण्यांचे आकडे तपासून दाखवून दिले की, येथील धान्य-डाळीचा आहार पोटभर मिळाला तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातूनच भागते. जेथे प्रथिने कमी पडतात तेथे बहुधा अन्नच कमी पडलेले असते, आणि उपाशी शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोगही ह्याच दिशेचा होता. अल्पपोषित बालकांना गहू, साखर व तेल ह्यांचा पूरक खाऊ देण्यात आला; त्यात ३१० कॅलरी होत्या आणि प्रथिने अवघी ३ ग्रॅम. तरीही मुलांची वाढ सुधारली. पुढे १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन ह्या वैद्यकतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात त्या साऱ्या खटाटोपाची ‘प्रथिनांची महाफजिती’ अशा आशयाच्या मथळ्याखाली संभावना केली. डॉ. सुखात्मे ह्यांच्या नंतरच्या काही प्रतिपादनांवर पुष्कळ वाद झाले, हे खरे; परंतु आहाराचा विचार संबंध ताटाचा करावा, एकेका दाण्याचा करू नये, हे सूत्र आज सर्वमान्य आहे. २०२४ साली भारतीयांसाठी प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही अन्नपदार्थांच्या योग्य मिश्रणातून उत्तम दर्जाची प्रथिने मिळवावीत, असेच सांगितले आहे. जी फजिती जगाने एकदा पाहिली, ती आपण घरोघरी पुन्हा का करावी?

येथवर वाचून आपल्यातील काही स्वदेशाभिमानी मंडळी खूष झाली असतील. ‘परदेशी धान्य, टाका बाहेर!’ असे त्यांच्या ओठांवर आलेही असेल. त्यांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. किन्वा परका म्हणून त्याज्य, हा युक्तिवाद जो करील त्याने प्रथम आपल्या एकादशीच्या पानाकडे पाहावे. बटाटा आला तो किन्व्याच्याच मुलखातून, टिटिकाकाच्या परिसरातून. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची अमेरिकेची, रताळे अमेरिकेचे. साबुदाणा आज सेलमच्या कारखान्यांत तयार होतो, पण ज्या कंदापासून तो करतात तो कंद ब्राझीलकडचा. इतकेच काय, ज्याचे लाडू आपण सोवळ्याने खातो त्या राजगिऱ्याच्या धान्यासाठी लावल्या जाणाऱ्या जातींचे मूळही अमेरिका खंडातच आहे असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. ह्या साऱ्यांना ज्या समाजाने उपवासाच्या पंक्तीत बसविले, त्याने किन्व्यापुरतीच जात विचारावी हे हास्यास्पद आहे. धान्याचे गोत्र नव्हे, गुण व मोल पाहावे. किन्व्याविरुद्ध आमची तक्रार तो परका आहे ही नसून त्याच्या नावाने आपल्याला फसविले जाते ही आहे.

आणि नात्याच्याच गोष्टी काढावयाच्या तर किन्वा आपल्याला फारसा परकाही नाही. आपल्या परसातील चाकवत त्याच्याच कुळातला, पालकही त्याच घराण्यातला, आणि राजगिरा तर त्याचा चुलतभाऊच. ह्या चुलतभावाचे गुण पाहा. १०० ग्रॅम राजगिऱ्यात प्रथिने साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किन्व्याइतकीच. लायसिन दर ग्रॅम प्रथिनामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम, हेही किन्व्याइतकेच. मॅग्नेशियम किन्व्याहून अधिक, लोह अधिक, आणि चुना तर कितीतरी अधिक. म्हणजे ज्या पूर्णत्वासाठी किन्व्याची पूजा बांधली, ते पूर्णत्व आजीच्या डब्यातील राजगिऱ्याच्या लाडवात आधीपासूनच बसले होते. फक्त त्याला कोणी जाहिरात लिहून दिली नव्हती. मधुमेही मंडळी किन्व्यातील तंतूंचा दाखला देतात. तांदळाच्या तुलनेत तो खराच. पण वरील तक्त्यांत ज्वारी व बाजरी ह्यांतील तंतू १०० ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या वर आहेत. तंतू हवे असणाऱ्याला भाकरीची लाज का वाटावी?

ह्याचा अर्थ किन्वा कोणीच खाऊ नये असा नाही. गव्हातील ग्लूटेन ज्यांना सोसत नाही अशा रुग्णांना तो एक उपयुक्त पर्याय आहे. राजस्थान, आंध्र ह्या भागांत काही शेतकरी तो पिकवू लागले आहेत. खारट व कोरड्या जमिनीत तो त्यांच्या पदरी चार पैसे टाकील तर आनंदच आहे. आवड म्हणून खावा, पालट म्हणून खावा. पण औषध म्हणून, प्रायश्चित्त म्हणून, किंवा आपल्या अन्नाची शरम वाटते म्हणून खाऊ नये.

येथपर्यंत परक्या जाहिरातीचा समाचार झाला. आता स्वतःच्या घराचा समाचार घेतला पाहिजे, कारण त्यावाचून हे लिहिणे म्हणजे नुसती आत्मस्तुती होईल. वरणभात हे उत्तम अन्न आहे, असे वर सिद्ध केले. पण कोणता वरणभात? तीनास एक प्रमाणाचा. आपल्या पानांत हे प्रमाण राहिले आहे काय? शंभर ग्रॅम तांदळाच्या भातावर जी पातळ आमटी ओतली जाते तिच्यात डाळ दहा ग्रॅम असली तरी पुष्कळ. तेवढ्या जेवणातून दहा ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि लायसिनचे प्रमाण ४४ वर, म्हणजे मापदंडाच्या खाली घसरते. तीच डाळ ३३ ग्रॅम केली की प्रथिने पंधरा ग्रॅम होतात आणि लायसिन मापदंडाच्या वर जाते. पंचावन्न किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीला दिवसाकाठी सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले आहे. ज्या घरात शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला भांड्याच्या तळाचे पाणी येते, ज्या घरात एकटी राहणारी म्हातारी पेज आणि लोणच्याच्या फोडीवर दिवस काढते, त्या घरात प्रथिनांची उणीव आहेच आहे. ती डाळीच्या दर्जाची उणीव नव्हे. पळीभर डाळीची उणीव आहे. आणि ती भरून काढण्याऐवजी आपण दुकानात जाऊन महागडी पिशवी घेतो, ही विटंबना नव्हे तर काय?

उपवासाचीही तीच तऱ्हा. १०० ग्रॅम साबुदाण्यात प्रथिने अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत; तो निव्वळ पिष्टाचा गोळा. खिचडीत दाण्याचे कूट नसते तर त्या पानाला अन्न म्हणणेही जड गेले असते. आठवड्यातून दोन-दोन उपवास करणाऱ्या स्त्रिया ह्या साबुदाण्यावर राहतात आणि मग अशक्तपणाची तक्रार करतात. त्यांना किन्वा नको. त्यांना राजगिऱ्याची भाकरी, वरीचा भात, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही पुरे आहे. ह्यांतले काहीही व्रताच्या आड येत नाही, आणि काहीही मिळण्यास दुर्लभ नाही.

अभिषेकाच्या वेळी रुद्रानंतर चमक म्हटले जाते, ते ऐकताना एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्यात देवाजवळ जी धान्ये मागितली आहेत त्यांत भात, जव, गहू व सावे ह्यांच्या जोडीला उडीद, मूग, मसूर आणि तीळही आहेत. हे मागणाऱ्या ऋषींना लायसिन ठाऊक होते, असला पोरकट दावा करण्याचे कारण नाही. त्यांना ते ठाऊक नव्हते, आणि तसे म्हणण्याने त्यांचा मोठेपणा वाढत नाही. परंतु अन्न मागताना एकच धान्य मागू नये, सगळे मिळून मागावे, एवढे त्यांना कळत होते. आपण ते रोज म्हणतो आणि घरी येऊन एका दाण्यात पूर्णत्व शोधतो.

म्हणून एक नेमकी मागणी मांडतो, आणि ती देवस्थानांच्या व्यवस्थापकांपुढे, महाजनांपुढे व समाराधनेचा खर्च उचलणाऱ्या यजमानांपुढे मांडतो. अन्नदानाच्या शिधायादीत तांदूळ लिहिला जातो तेथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी डाळ किंवा कडधान्य लिहिलेच पाहिजे. तांदूळ दहा किलो तर डाळ-कडधान्य सव्वातीन किलोहून कमी नको. मग त्याचे दाट वरण करा, मुगागाठी करा, अळसांद्यांचे तोंडाक करा, कुळथाचे कळण करा, की मटकीची उसळ करा. ह्यासाठी नवी पाकशाळा नको, परदेशी बियाणे नको, व्याख्याता नको; लागेल तो थोडा अधिक खर्च, आणि तो किन्व्याच्या खर्चाहून खात्रीने कमी. देवळाच्या पंक्तीत जे प्रमाण रूढ होईल ते घराघरांत जाईल, कारण आपल्याकडे स्वयंपाकाची रीत पंक्तीतूनच शिकली जाते.

अँडीजच्या त्या कष्टाळू लोकांनी आपल्या डोंगरावर जे उगवत होते त्याचाच मान राखला आणि त्यावर संसार केले. त्यांच्याकडून घ्यावयाचेच असेल तर दाण्याआधी ती निष्ठा घ्यावी. आपल्या ताटात उणे काय आहे, हे दुकानाला विचारू नये; वाढणाऱ्या पळीला विचारावे.